तालमीचं पुढे काय झालं?

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका शुक्रवारी आमचं प्रॉडक्ट बंद झालं. अकरा जणांची टीम, तीन वर्षांचं काम. सर्व्हर कधी बंद करायचे ते वीस मिनिटांच्या मीटिंगमध्ये ठरलं. ॲक्सेस माझ्याकडे होता, म्हणून शेवटची कमांड मीच चालवली. स्क्रीनवर काही झालं नाही. कर्सर परत जागेवर येऊन लुकलुकत राहिला, एवढंच.

पुढच्या दोन आठवड्यांत सात जण गेले. मला दुसऱ्या प्रोजेक्टवर घेतलं. नोकरी टिकली म्हणून आनंद व्हायला हवा होता, पण रात्री झोप येईना. रील्स बघून बघून डोळे दुखायला लागले, तेव्हा कपाटातून 'बनगरवाडी' काढली. ही तिसरी वेळ.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 सालची. काळ स्वातंत्र्याच्या आधीचा, औंध संस्थानातला. नुकती नोकरी लागलेला एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या एका वस्तीवर शाळा चालवायला जातो. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागे रानात. कथानक म्हणावं तर एवढंच. पुस्तकही छोटंसं, दोन-तीन रात्रींत संपणारं.

पहिल्यांदा मी ती नववीच्या सुट्टीत वाचली. अण्णांनी दिली होती. अण्णा म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. वाचून झाल्यावर मी म्हणालो, "अण्णा, यात काही घडतच नाही." ते म्हणाले, "बरं." दुसऱ्यांदा वाचली ती इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, सबमिशनच्या आदल्या रात्री, म्हणजे जेव्हा सबमिशन सोडून सगळं करावंसं वाटतं तेव्हा. तेव्हा माणसं आवडली. मास्तरला जोखून बघणारा म्हातारा कारभारी, मास्तरचा सोबती झालेला आयबू, चोर म्हणून बदनाम असलेला आनंदा रामोशी.

तिसऱ्या वेळी मात्र मी मास्तरकडे बघत होतो. वयाने तो माझ्यापेक्षा लहान. शिकवायला आलेला, पण गावाला लिहिता-वाचता येणारा माणूस मिळाल्यावर गाव त्याला नुसतं शिकवू देतं होय? कुणाचं पत्र, कुणाचा अर्ज, कुणाचं भांडण, कुणाची तालुक्याच्या गावातली कामं. त्याच्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये यातलं काहीही नाही. तो चुकतोही. साध्या भावनेने केलेल्या गोष्टीचा अर्थ गाव वेगळाच लावतं आणि ज्याच्या आधारावर तो उभा आहे तो कारभारीच बिनसतो. लेखक त्याला कुठेही हिरो करत नाही. मला हे फार आवडतं.

दुसरी गोष्ट भाषेची. शेकूकडे जोडीला दुसरा बैल नाही, तर त्याची बायको जुवाला खांदा लावते. एवढा प्रसंग दुसऱ्या कुणाच्या हातात पडला असता तर त्याने आपल्याला रडवल्याशिवाय सोडलं नसतं. माडगूळकर दिसलं तसं सांगतात आणि पुढे जातात. कीव करत नाहीत, गौरवही करत नाहीत. मी पुस्तक छातीवर ठेवून बराच वेळ पंख्याकडे बघत पडलो होतो.

आणि तिसरी गोष्ट, तालीम. (इथून शेवट सांगतोय. सत्तर वर्षं झालीत, स्पॉयलर म्हणू नका.) गावात तालीम असावी असं मास्तरच्या डोक्यात येतं. तो त्यासाठी खपतो, गावाला कामाला लावतो. तालीम उभी राहते आणि उद्घाटनाला खुद्द राजा येतो. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीत हा शेवट झाला असता. इथे त्यानंतर दुष्काळ पडतो. मेंढरं मरायला लागतात, माणसं वाडी सोडून जगायला बाहेर पडतात. शाळेत पोरं नाहीत, तालमीत कोण असणार? मास्तरही वाडी सोडतो.

त्या रात्री मला ती रिकामी वाडी दिसत होती आणि सोबत अण्णांची शाळा दिसत होती.

अण्णांनी आटपाडी तालुक्यातल्या एका वस्तीवर नऊ वर्षं काढली. एकशिक्षकी शाळा. पत्रे, व्हरांडा आणि एक लिंबाचं झाड. आमच्या भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगलेली. हळूहळू कुटुंबं त्यांच्या मागे गेली. उरलेली पोरं गाडीत बसून तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला जायला लागली. पट घसरत गेला आणि अण्णांची बदली झाल्यावर काही वर्षांनी शाळा बंद झाली.

मी सेकंड इयरला असताना कशावरून तरी आमचा वाद झाला. मी म्हणालो, "नऊ वर्षं त्या वस्तीवर घालवलीत. आता तिथे शाळाच नाही. मिळवलंत काय?" ते काही बोलले नाहीत. उठून झाडांना पाणी घालायला गेले.

तीन वर्षांचं काम एका कमांडने घालवल्यावर मला ते वाक्य आठवलं. मी त्यांना फोन केला. रात्रीचे साडेनऊ झाले होते. माफी कशी मागतात हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही, म्हणून मी कादंबरीवरून सुरुवात केली.

"अण्णा, तालीम उगाच बांधली असं मास्तरला शेवटी वाटलं असेल का हो?"

"उगाच कशाला? गावानं बांधली की ती. एकट्या मास्तरनं थोडीच बांधली."

"आणि तुम्हाला? शाळा बंद झाली तेव्हा?"

थोडा वेळ नुसता टीव्हीचा आवाज आला. मग म्हणाले, "मला वाटलं वाईट. दोनदा जाऊन बघून आलो. कुलूप आहे. व्हरांड्यात कुणी कडबा रचलाय."

हे मला माहीतच नव्हतं.

"तेव्हा मी बोललो होतो, मिळवलंत काय म्हणून..."

"कधी?" ते म्हणाले. खरंच विसरले होते की मला सोडवत होते, अजून कळलेलं नाही. मग नेहमीसारखं, "जेवलास का?"

काम टिकलं नाही तरी वाया जात नाही, असं काहीतरी मला इथे लिहायचं होतं. पण कादंबरी तसं म्हणत नाही आणि अण्णाही म्हणाले नाहीत. मास्तरने तालीम बांधली, हे खरं. वाडी रिकामी झाली, हेही खरं. माडगूळकर दोन्ही गोष्टी शेजारी ठेवतात आणि एकीने दुसरीची भरपाई करत नाहीत. म्हणूनच मला ती दिलासा देणाऱ्या पुस्तकांपेक्षा जवळची वाटते.

अमोल पालेकरांनी 1995 मध्ये यावर सिनेमा काढला आहे, तो नंतर बघा. आधी पुस्तक वाचा, शक्यतो फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. माझी प्रत मिळणार नाही. टीममधली जी सगळ्यात ज्युनियर मुलगी गेली, तिला ती देऊन टाकलीय. परवा तिचा मेसेज आला: "अर्धी झाली. यात काही घडतच नाहीये रे."

मी "बरं" एवढंच लिहिलं.