‘आहे’ची व्याप्ती

इंग्रजीच्या वर्गात मराठी विद्यार्थी हमखास अडखळतो तो एका साध्या वाक्यापाशी. ‘मी येथे दहा वर्षे राहतो आहे’ हे त्याचे घरचे वाक्य. त्याचे तो ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स’ असे करतो आणि शिक्षक तेथे ‘आय हॅव लिव्ड’ अशी दुरुस्ती करतात. दुरुस्ती योग्यच; पण विद्यार्थ्याच्या वाक्याला तर्क नाही, असे समजू नये. राहणे अजून चालू आहे, म्हणून क्रियापद वर्तमानकाळी, हा त्याचा न्याय. हिंदी भाषकही याच न्यायाने बोलतो. इतकेच नव्हे, तर इंग्रजीची सख्खी नातलग असलेली जर्मन भाषाही अशा ठिकाणी साधा वर्तमानकाळच वापरते. इंग्रजीचे लक्ष मात्र मागे सरलेल्या वर्षांकडे असते. नुसते ‘आय लिव्ह हिअर’ म्हटले की आजचे वास्तव्य कळते. त्याला अवधी जोडला की गतकाळाचा हिशेब पूर्ण वर्तमानकाळात मांडावा लागतो.

दादोबा पांडुरंगांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून मराठी व्याकरणलेखनावर इंग्रजी व्याकरणाच्या चौकटीची छाया आहे. त्यामुळे आपला पूर्ण वर्तमानकाळ आणि इंग्रजीचा तो काळ एकच, असा समज सहज होतो. ‘मी हे पुस्तक वाचले आहे’ या वाक्यापुरता तो खराही ठरतो. परंतु आपण ‘कालच वाचले आहे’ असेही म्हणतो. प्रमाण इंग्रजीला तेथे ‘काल’ चालत नाही. दिवस निश्चित झाला की घटना भूतकाळाच्या हवाली करावी लागते. आपला ‘आहे’ गोष्टीची नोंद पक्की झाल्याचे सांगतो. इंग्रजीचा ‘हॅव’ तिचा धागा आजपर्यंत आणून बांधतो.

हा भेद मला खऱ्या अर्थाने उमगला तो एका कवीच्या निवडक कवितांच्या द्वैभाषिक आवृत्तीच्या वेळी. प्रस्तावना मी दोन्ही भाषांत लिहिली होती. मुद्रिते तपासत असतानाच कवी गेले. मराठी प्रस्तावनेतील ‘त्यांनी लिहिले आहे’, ‘त्यांनी प्रयोग केले आहेत’ ही वाक्ये तशीच राहू शकली. इंग्रजीत मात्र प्रत्येक ‘हॅज रिटन’ खोडून ‘रोट’ करावे लागले. हयात लेखकाचे खाते इंग्रजी उघडे ठेवते. मृत्यूनंतर ते मिटवते. स्नेह्याच्या निधनाची नोंद मी त्या दिवशी क्रियापदागणिक करीत होतो.

एक काळ तेवढा अबाधित राहिला, तो साधा वर्तमानकाळ. ‘या कवितेत कवी म्हणतो’ हे वाक्य दोन्ही भाषांत जसेच्या तसे टिकले, कारण समीक्षेतील हे ‘म्हणणे’ हयातीवर अवलंबून नसते. ‘ज्ञानेश्वरी’ १२९० सालची. तरी ‘ज्ञानेश्वर म्हणतात’ असे आपण आजही लिहितो. तुकारामांच्या नाममुद्रेतील ‘म्हणे’ हे तर जुन्या मराठीतील वर्तमानकाळाचेच रूप. पुढे असे रूप रीतिभूतकाळाकडे वळले. आजच्या गद्यात ‘तो म्हणे’ म्हणजे ‘तो म्हणत असे’. व्याकरणात हा बदल केव्हाच रुजला. अभंग गाणाऱ्या वारकऱ्याला मात्र त्या ‘म्हणे’मध्ये भूतकाळ ऐकू येत नाही.