चाके सुटण्याआधी

मंडणगडात सपाट जागा हवी तर सड्यावर जावे लागते. जांभ्याचा सडा लांबून सपाट वाटतो. चालू लागले की खळगे, कातळाच्या धारा, गवताखाली दडलेली डबकी. घरी विमान बांधणाऱ्याला इंजिन एक वेळ मिळेल, पळवायला जमीन कुठून आणायची?

*

कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. आपल्याकडच्या चाकरमान्यांना मुंबईची गच्ची सांगायला नको: पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, डोक्यावर ऊन. तिथे पत्रा कापून, रिव्हेट ठोकून सांगाडा उभा करायचा, आणि तोही वैमानिकाची नोकरी सांभाळून. 1998 आणि 2003 मधले त्यांचे आधीचे दोन प्रयत्न उड्डाणापर्यंत पोचले नव्हते. तरी माणूस तिसऱ्याला हात घालतो! मला उड्डाणाइतकेच याचे मोल वाटते.

*

फेब्रुवारी 2016 : ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनासाठी विमान क्रेनने खाली उतरले. नोव्हेंबर 2017 : नोंदणी. ऑक्टोबर 2019 : उडवण्याचा परवाना. ऑगस्ट 2020 : धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी उड्डाण.

गच्चीवरून जमिनीवर यायला एक क्रेन पुरली. जमिनीवरून हवेत जायला साडेचार वर्षे लागली.

*

पण तपासणीला नुसता अडथळा म्हणता येत नाही. 1930 च्या दशकात फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांनी ‘उडती पिसू’ ही विमानरचना काढली आणि ती कशी बांधायची याचे पुस्तकही लिहिले. हौशी लोकांनी घरोघरी बांधायला घेतली. मग माणसे मरू लागली. वाऱ्याच्या बोगद्यात तपासल्यावर कारण कळले: पुढचा आणि मागचा पंख फार जवळ होते, नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेले की वर येईना. बांधणाऱ्यांच्या हातांत खोट नव्हती, आराखड्यातच होती. तपासणी हवीच. ती ताटकळत ठेवणारी नसावी, एवढेच.

*

उड्डाणाआधी वजन. तीन चाकांखाली तीन काटे ठेवायचे, प्रत्येकाचा आकडा लिहायचा, त्यावरून गुरुत्वमध्य काढायचा. तो फार मागे सरकला तर विमान नाक वर करते आणि वैमानिकाने दांडा पुढे रेटला तरी ऐकत नाही. काटे, कागद आणि पेन्सिल: जीव वाचवणारे सामान एवढेच.

*

मग जमिनीवरची धाव. आधी सावकाश, ब्रेक आणि वळण पाहायला. मग वेगात, शेपटीची सुकाणू हवेला कधी लागतात ते हाताला कळेपर्यंत. धोका इथेच असतो. हलके विमान एखाद्या झुळकीसरशी स्वतःच उचलले जाते. वैमानिक उडायच्या तयारीत नसतो आणि पुढे धावपट्टी संपत आलेली असते. म्हणून जोरात पळवायचे त्या दिवशी उडायचीही तयारी ठेवावी.

*

पहिल्यांदा वर जाताना विमानात एकट्यानेच बसायचे. चाके आत ओढायची नाहीत, धावपट्टी नजरेआड होऊ द्यायची नाही. पुरेशी उंची आली की वेग हळूहळू कमी करत विमान कुठे ढासळू पाहते ते बघायचे. उतरताना किती वेग राखायचा ते त्यावरून ठरते. खाली बांधणारे उभे असतात. त्यांना दिसते थोडेच, पण इंजिनाच्या आवाजातला बारीकसा फरकही त्यांना ऐकू येतो.

*

डॉ. विष्णु माधव घाटगे कोल्हापूरकडचे. जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्याकडे शिकून आले. त्यांनी आराखडा केलेले एचटी-2 विमान ऑगस्ट 1951 मध्ये बंगळूरला उडाले. त्यांच्यामागे कारखाना होता, कारागीर होते, धावपट्टी होती. यादवांच्या वाट्याला गच्ची आली. दोघांची तुलना करू नये; पण घाटग्यांना मिळाले त्यातले थोडे तरी घरी बांधणाऱ्याला मिळाले असते तर?

*

मागणी मोठी नाही. वापरात नसलेली एखादी धावपट्टी महिन्यातून काही सकाळी उघडी ठेवावी, वारा पडलेला असताना. शेजारी एक शेड, तीन काटे, आणि पत्र्याचा जोड पाहून लगेच बरे-वाईट सांगू शकेल असा एक जाणकार तपासनीस. मंडणगडच्या एखाद्या पोराने गॅरेजात पंखाची पहिली फासळी वाकवली, तर ती कोणाला दाखवायची हे त्याला माहीत असले पाहिजे.