खिडकी मीच बंद केली होती

आमच्या बाथरूमला तिरक्या काचांची एक छोटी खिडकी आहे. डिसेंबरात पहाटे तिथून गार वारा यायचा. वारज्यात नदी जवळ, पलीकडे खडकवासला, त्यामुळे आमच्याकडे थंडी जरा जास्तच असते, असं आमच्या आईचं म्हणणं. तिनं सांगितलं म्हणून मी टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल कापलं आणि ब्राऊन टेपनं खिडकीवर पक्कं बसवलं. दाराखालच्या फटीला आईनं जुना टॉवेल लावला. "आता कसं उबदार झालं," ती म्हणाली. मलाही काहीतरी कामाचं केल्यासारखं वाटलं.

त्याच बाथरूममध्ये, नळाच्या वर, गॅस गीझर होता.

घर भाड्याचं. गीझर आधीपासूनच बसवलेला. दोन सेल टाकायचे, नळ सोडला की 'टक टक टक' आणि भप्पकन ज्योत. लाइट बिल वाचतं म्हणून बाबा त्याच्यावर खूश होते.

रविवारी धाकटी बहीण केस धुवायला गेली. पंचवीस मिनिटं झाली. "अगं, झालं का?" आईनं विचारलं. आतून फक्त पाण्याचा आवाज. आईनं पुन्हा हाक मारली, मग दार वाजवलं. तिसऱ्या हाकेला बाबा उठले. आतली कडी तशी तकलादूच. दोन धक्क्यांत निघाली. बहीण फरशीवर पडलेली, नळ चालू, गीझर चालू. कसलाही वास नव्हता. धूर नव्हता. नुसती वाफ.

बाहेर आणल्यावर दोन मिनिटांनी तिनं डोळे उघडले आणि ओकली. डोकं फुटतंय म्हणाली. आम्ही सगळे आपापली निदानं करायला लागलो. काही खाल्लं नव्हतं, बारावीचं टेन्शन, रात्रीची जागरणं. मी कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर शोधून तिच्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव. "ऑक्सिजन तर मस्त आहे," मी जाहीर केलं. जवळच्या दवाखान्यातही 'बीपी लो झालं असेल' म्हणून परत पाठवलं.

संध्याकाळपर्यंत तिचं डोकं थांबेना, म्हणून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "बाथरूममध्ये गीझर कुठला आहे?" दुसरा प्रश्न, "खिडकी उघडी असते का?"

मी गप्प बसलो. उत्तर बाबांनी दिलं.

गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. हवा असली की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. खोली बंद असेल तर ज्योत आतला ऑक्सिजन खात जाते आणि जळणं अर्धवट होऊ लागतं. तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवतं. म्हणजे श्वास चालू असतो, पण ऑक्सिजनची जागा आधीच भरलेली. आणि तो ऑक्सिमीटर? साध्या ऑक्सिमीटरला या दोन्हींमधला फरकच कळत नाही. माझं अठ्ठ्याण्णव खोटं होतं.

साध्या हवेत रक्तातलं हे विष निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. मास्क लावून शंभर टक्के ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास. रात्रभर तिला मास्क होता. ती वाचली, कारण आईनं तिसरी हाक मारली आणि कडी तकलादू होती.

त्या रात्री बाकड्यावर बसून मी फोनवर वाचत होतो. जानेवारी २०२०मध्ये नेपाळमधल्या दमणला एका रिसॉर्टमध्ये केरळचे आठ पर्यटक गेले. त्यांत चार लहान मुलं. बाहेर थंडी, खोलीत गॅस हीटर, दारं-खिडक्या बंद. वाचताना सारखं वाटत होतं, ती खिडकी कुणीतरी मुलांच्या काळजीनंच लावली असणार.

आपल्याकडे हे नवं नाही. आजी सांगायची, बाळंतिणीच्या खोलीत वारा येऊ नये म्हणून सगळ्या फटी बुजवायचे आणि खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवायचे. एखादी बाळंतीण चक्कर येऊन पडली तर 'अशक्तपणा' म्हणायचे. आम्हीही तेच म्हणालो होतो. फक्त शब्द वेगळा होता, 'बीपी'.

आपण गॅसला घाबरतो ते वासामुळे. एलपीजीला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळतात. आपलं नाक त्यावर तयार झालंय. पण गॅस जळला की तो वासही जळून जातो. मग नाक कशावर भरवसा ठेवणार?

म्हणून डिटेक्टर. बाबांनी आधी दुकानातून 'गॅस डिटेक्टर' आणला. खोक्यावरचं नीट वाचल्यावर कळलं, तो फक्त एलपीजीची गळती ओळखतो. एलपीजी जड, खाली साचतो. कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेइतकाच, सगळीकडे पसरतो. दोन्हींची यंत्रं वेगळी. मग ऑनलाइन 'सीओ अलार्म' मागवला. युरोपीय मानकानुसार असा अलार्म ५० पीपीएमला तास-दीड तासात वाजतो आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत. सेन्सरचं आयुष्य पाच ते दहा वर्षं; नंतर फेकून नवा घ्यायचा. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२पासून भाड्याच्या घरात गॅसचा बॉयलर असेल तर त्या खोलीत असा अलार्म बसवणं घरमालकावर बंधनकारक आहे. आमच्या मालकांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही."

तरीही अलार्म हा दुसरा उपाय. पहिला उपाय म्हणजे गीझर बाथरूमबाहेर काढणं. महिनाभर मागे लागल्यावर मालकांनी परवानगी दिली, खर्च आम्ही केला. आता गीझर मागच्या उघड्या गॅलरीत आहे आणि गरम पाणी पाइपमधून आत येतं. ज्योत निळीच आहे ना, हे बाबा येता-जाता वाकून बघतात. पिवळी दिसली की मेकॅनिक. पॅसेजमध्ये अलार्म आहे. दर रविवारी मी त्याचं टेस्ट बटण दाबतो आणि आई दचकून म्हणते, "मेल्या, सांगून तरी दाबत जा!"

थर्माकोल मी त्याच रात्री ओरबाडून काढलं होतं. टेपचा चिकट डाग काचेवर अजून आहे. मला कुणीही काही बोललं नाही. त्या दिवसाचा विषय निघाला की आई "मीच सांगितलं होतं लावायला" म्हणते, आणि मी "लावलं तर मीच" म्हणतो, आणि तिथेच तो विषय थांबतो.

यंदाही थंडी पडली. खिडकी उघडी. बहीण आंघोळीला गेली की आतून गार वाऱ्याला, खिडकीला आणि मला मनसोक्त शिव्या घालते. आवाज पार हॉलपर्यंत येतो. तेवढा वेळ मी फोन बाजूला ठेवून नुसता ऐकत बसतो.