चुंबळीतली द्राक्षे

गेली तीस वर्षे मी शेतकऱ्यांच्या बांधावर फिरतो आहे. त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे द्राक्षबागांत गेली. खरड छाटणीपासून बेदाण्याच्या शेडपर्यंत सगळे डोळ्यांखालून गेलेले. तरीही २०२५ च्या ऑगस्टअखेर, ग्रीस देशातल्या एका बेटावर मोटारीच्या खिडकीतून बाहेर पाहत मी सौ.ला म्हणालो, "जमीन कशी पडीक टाकली आहे बघ. नुसती झुडपे माजली आहेत!"

जावईबापूंनी ड्रायव्हरला विचारले आणि मला खाली मान घालावी लागली. ती झुडपे नव्हती. ती द्राक्षबाग होती.

आमची थोरली लेक आणि जावई जर्मनीत नोकरीला असतात. आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो, तेव्हा लेकीने परस्पर बेत ठरवून टाकला. "बाबा, जन्मभर तुम्ही दुसऱ्यांच्या शेतात फिरलात. आता चार दिवस समुद्रावर नुसते बसा." तिने निवडलेले बेट होते सांतोरिनी. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून बोटीने निघालो. काही तासांनी समोर काळ्या-तांबड्या खडकाची, सरळ उभी भिंत दिसू लागली. उंची सुमारे हजार फूट. तिच्या माथ्यावर पांढरी घरे अशी दिसत होती, की मला आधी बर्फच वाटला.

ही भिंत ज्वालामुखीची आहे. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी येथे प्रचंड स्फोट झाला. बेटाचा मधला भाग समुद्रात खचला आणि उरलेल्या जमिनीवर राखेचे व सच्छिद्र दगडाचे जाड थर साचले. आजची शेती त्याच राखेत होते.

आमचा मुक्काम मेगालोखोरी नावाच्या गावात होता. या नावाचा अर्थच 'मोठे गाव'. पण गाव कसले, चुना दिलेल्या भिंतींच्या अरुंद गल्ल्या, मधोमध एक छोटा चौक, झाडाच्या सावलीत बसलेले म्हातारे, आणि रस्त्यावर कमानीसारखा उभा राहिलेला घंटेचा मनोरा. त्याखालूनच माणसे ये-जा करतात. पर्यटकांची गर्दी असते ती फिरा आणि इया या गावांत. येथे दुपारी भांडे पडले तरी चार घरांना ऐकू जावे, अशी शांतता.

हॉटेल मात्र राजेशाही. खोलीत शिरलो तर आत घुमटासारखे छत, जाड भिंती, बाहेर ऊन तापलेले असताना आत रांजणातल्या पाण्यासारखा गारवा. दारासमोर आमच्यापुरताच निळ्या पाण्याचा एक हौद. सौ. त्या हौदाकडे पाहतच राहिली. म्हणाली, "एवढ्या पाण्यात आपली निम्मी बाग जगली असती की हो!"

भाडे किती, ते लेक सांगेना. पुढे कळले, तेव्हा हिशेब केला. एका रात्रीचे भाडे माझ्या निम्म्या महिन्याच्या पगाराएवढे होते. त्या रात्री मऊ गादीवर मला झोप लागली नाही.

झोप न लागण्याला आणखी एक कारण होते, तेही सांगतो. निघण्याच्या आदल्या दिवशी गावाहून धाकट्या भावाचा फोन आला होता. तासगाव तालुक्यात आमची चार एकर जमीन आहे. त्यातली दोन एकर रस्त्याला लागून. मे महिन्यातल्या पावसाने बागेचे गणित बिघडले होते, काडी तपासणीत घड कमी दिसले होते आणि बँकेचा तगादा चालू होता. त्यातच शहरातला एक खरेदीदार आला. त्याला रस्त्याकडेच्या दोन एकरांत हॉटेल बांधायचे होते. भाव असा, की कर्ज फिटून वर पैसे उरावेत. "दादा, तू येईपर्यंत थांबतो. पण फार दिवस थांबता यायचे नाही," भाऊ म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठलो आणि थेट त्या 'झुडपां'कडे गेलो.

ना मांडव, ना तारा, ना खांब, ना ठिबकची नळी. वेल जमिनीलगत गोल वळवलेला, काड्या एकमेकींत गुंफलेल्या. बाया डोक्यावर घागर ठेवायला चुंबळ करतात, अगदी तशी मोठी चुंबळ. तेथे या पद्धतीला 'कुलुरा' म्हणतात. घड या चुंबळीच्या आत लागतात. बेटावर वारा असा घोंघावतो, की उघडे घड वाळूच्या माराने सोलून निघतील. चुंबळ त्यांना वाऱ्यापासून आणि कडक उन्हापासून जपते. वर्षाचा पाऊस ४०० मिलीमीटरच्या आत, तोही हिवाळ्यात. सबंध उन्हाळ्यात थेंब नाही. आपल्या माणदेशाची आठवण व्हावी. मग वेल जगतो कसा? रात्री समुद्रावरून दमट हवा आणि धुके येते. तो ओलावा सच्छिद्र दगड शोषून घेतात आणि मुळांना पुरवतात. मी एक दगड उचलून पाहिला. हातात कापसासारखा हलका.

येथील मुख्य वाण 'आसिर्तिको'. आपण पाण्याच्या ताणासाठी आणि क्षारांसाठी डॉगरिज खुंटावर कलम करतो. येथे वेल स्वतःच्या मुळावर उभा असतो. एकोणिसाव्या शतकात फायलोक्झेरा नावाच्या किडीने मुळे पोखरून युरोपभरच्या बागा संपवल्या. पण या राखेच्या मातीत चिकणमाती जवळजवळ नाही, म्हणून ती कीड येथे टिकली नाही. चुंबळ फार जुनी झाली, की वरून छाटतात आणि त्याच मुळावर नवा वेल धरतात. त्यामुळे वर दिसणाऱ्या वेलापेक्षा खालचे मूळ कितीतरी म्हातारे असते. उत्पादन मात्र एकरी जेमतेम टनभर, कधी त्याहूनही कमी. आपल्याकडचा बागायतदार ते ऐकून हसेल. पण ही ग्रीसमधल्या सर्वांत महाग द्राक्षांपैकी आहेत, हे कळल्यावर हसू थांबेल.

बांधाजवळ दगडी ओट्यावर द्राक्षे उन्हात वाळत घातली होती. तासगावच्या माणसाला तो वास पुरेसा! एक वृद्ध गृहस्थ घड उलटे-पालटे करीत होते. भाषा एकमेकांना कळेना. मी मोबाईलमधला आमच्या बेदाणा शेडचा फोटो दाखवला. आजोबांचा चेहरा उजळला. त्यांनी हाक मारून नातवाला बोलावले. पाहतो तर आमच्याच हॉटेलच्या कचेरीत बसणारा मुलगा! त्याने दुभाष्याचे काम केले.

ती द्राक्षे बेदाण्यासाठी नव्हती. दहा-पंधरा दिवस उन्हात सुकवून त्यांची गोड वाइन करतात. तिला 'विन्सांतो' म्हणतात. मेगालोखोरी हे तिच्या व्यापाराचे जुने गाव. मी कशालाच हात लावत नाही, म्हणून आजोबांनी माझ्या हातावर सुकत आलेली द्राक्षेच ठेवली.

"तुम्ही कुठल्या खोलीत आहात?" त्यांनी विचारले. मी सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले. मग नातवाने सांगितले, "ती आजोबांची कानावा होती." कानावा म्हणजे राखेच्या घट्ट थरात खोदलेली, द्राक्षे तुडवण्याची आणि पिंपे ठेवण्याची जागा. आमच्या खोलीचा तो गारवा पिंपांसाठी होता. बाहेरच्या निळ्या हौदाच्या जागी पूर्वी त्यांचा आवार होता आणि शेजारी पावसाचे पाणी साठवायचे टाके. छपरावर पडलेला थेंबन् थेंब त्या टाक्यात उतरवीत.

आजोबांनी आपली हकिकत सांगितली. ९ जुलै १९५६ रोजी मोठा भूकंप झाला, तेव्हा ते लहान होते. पन्नासच्या आसपास माणसे दगावली, घरे कोसळली. पुष्कळ कुटुंबे अथेन्सला निघून गेली आणि शेते ओस पडली. पुढे पर्यटक आले. ओस पडलेल्या गुहांना सोन्याचा भाव आला. आजोबांनी निम्मी जमीन आणि कानावा विकली. त्या पैशांत मुलांची शिक्षणे झाली, घर झाले. "चूक केली असे म्हणत नाही," ते म्हणाले. "पण पैसे एकदाच मिळाले. आता माझा नातू त्याच जागेत पगारावर आहे. आणि उरलेल्या बागेत वेल वळायला माणूस मिळत नाही."

वेल वळणे हे दोन दिवसांत शिकण्याचे काम नाही. कोणती काडी ठेवायची, किती पीळ द्यायचा, वाऱ्याची दिशा कोणती, हे हाताला वर्षानुवर्षांनी कळते. तरुण हात हॉटेलांत गेले. एके काळी बेटावर जेवढे क्षेत्र द्राक्षाखाली होते, त्याच्या निम्म्याहूनही कमी आज उरले आहे. बेट ७६ चौरस किलोमीटरचे, वस्ती पंधरा-सोळा हजारांची आणि वर्षाला येणारे पाहुणे तीस लाखांच्या घरात! पण हा पाहुण्यांचा धंदाही भरवशाचा नाही. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा बेटावरची हजारो माणसे काही आठवडे बाहेर निघून गेली होती.

उरलेले तीन दिवस मी 'नुसता बसलो' नाही, हे सांगायला नको. जवळच पिर्गोस गावाकडे शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे, १९४७ साली स्थापन झालेली. ती सभासदांची द्राक्षे घेते, वाइन करते आणि स्वतःच्या नावाने विकते. दक्षिण किनाऱ्यावर व्लिखादा येथे टोमॅटोचा जुना कारखाना आहे. तो १९४५ साली सुरू झाला, १९८१ साली बंद पडला आणि आता संग्रहालय झाला आहे. बेटाचा टोमॅटो बोराएवढा, जाड सालीचा, बिनपाण्यावर पिकणारा. चव आंबट-गोड आणि तिखट म्हणावी इतकी तेज.

जेवताना एक पिवळे घट्ट वरण आले, वर कांदा, लिंबू आणि ऑलिव्हचे तेल. याला तेथे 'फावा' म्हणतात. एक घास घेतला आणि मी एकदम भंडारा जिल्ह्यात पोचलो. माझी नोकरीची पहिली वर्षे तेथे गेली. ही आपल्या लाखोळीची सख्खी बहीण! ज्या लाखोळीला आपण गरिबाची डाळ म्हणून नाके मुरडली, तिच्यातील विषारी द्रव्यामुळे विक्रीवर बंदी घातली आणि पुढे प्रतीक, रतन अशी ते द्रव्य कमी असलेली वाणे काढली, तिच्याच कुळातील ही डाळ. येथील जुन्या गाडलेल्या आक्रोतिरी नगराच्या उत्खननातही हिचे दाणे सापडले आहेत. आज फावा आणि टोमॅटो, दोघांनाही युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे. हॉटेलवाले मोठ्या मानाने ते पाहुण्यांपुढे ठेवतात. पिकवणारे मात्र कमी होत चालले आहेत.

सांगलीच्या बेदाण्यालाही असे मानांकन आहे. पण त्याचे नाव किती जणांच्या पुड्यावर दिसते?

शेवटच्या संध्याकाळी हौदाकाठी बसून भावाला फोन लावला. तीस वर्षे सभांतून 'जमीन विकू नका' असे मी सहज सांगत आलो. सख्ख्या भावाला सांगताना जीभ अडखळली, कारण हप्ता त्याला भरायचा होता. मी आधी आजोबांची हकिकत सांगितली. मग म्हणालो, "विकायचे नसेल, तर कर्जाचा निम्मा वाटा माझा. भविष्यनिर्वाह निधीतून काढतो." सौ. शेजारीच होती. तिने मान हलवली, तेव्हा पुढे बोललो. "आणि रस्त्याकडेला दहा गुंठ्यांत आपलाच बेदाणा आपल्या नावाने विकायला बसू."

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बसणार कोण, दादा?"

प्रश्न खरा होता. परत आल्यावर आम्ही खरेदीदाराला नकार कळवला. पुड्यांवर नाव छापून आणले. सध्या भावजय सकाळी दोन तास बसते आणि सुट्टीच्या दिवशी मी. विक्री बेताची आहे आणि कर्ज अजून पुरते फिटलेले नाही. पण पुतण्या यंदा पहिल्यांदा छाटणीला कात्री घेऊन बागेत उतरला. त्याच्या हातून दोन चांगल्या काड्या चुकून गेल्या. भाऊ ओरडणार होता, मी त्याला थांबवले.