टण्ण!

नेमबाजी म्हटलं की आपल्याला ऑलिंपिक आठवतं. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ब्राँझ मिळवलं तो प्रकार ५० मीटरचा. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं. मी ज्या गोष्टीसाठी वर्षभर लोकांचं डोकं खाल्लं ती जरा वेगळी आहे. ६०० यार्डांवर, म्हणजे साधारण ५५० मीटरवर, साखळीने टांगलेली एक पोलादी थाळी.

यात मजा काय? तर ट्रिगर दाबल्यावर गोळी तिथे पोचायला जवळजवळ एक सेकंद लागतो आणि आवाज परत यायला दीड. वाटेत गोळी आठेक फूट खाली येते आणि जरा बरा वारा असेल तर दोन फूट बाजूलाही सरकते. हे सगळं आधी मोजायचं, मग अडीच सेकंद श्वास रोखून बसायचं आणि मग लांबून येतं, "टण्ण!" एकदा ऐकलं की संपलंच. माणूस कामातून गेला.

आमचा क्लब ओहायोतला, एका खेड्याबाहेरचा. १०० यार्डांची रेंज, शेवटी पंधरा फुटी मातीचा बांध, त्यामागे झाडीची टेकडी आणि टेकडीपलीकडे एका शेतकऱ्याचा गायींचा गोठा. बाजूला क्लबचाच एक लांबलचक पट्टा पडीक होता. तो बघून माझ्या हाताला खाज सुटली. ह्याच ओहायोत कॅम्प पेरीला १९०७ पासून लांब पल्ल्याच्या स्पर्धा होतात, आमच्यातले निम्मे म्हातारे तिथे जाऊन आलेले. म्हटलं, ह्यांना पटवायला कितीसा वेळ लागणार?

बैठकीला मी चक्क बावीस स्लाइड्सचं प्रेझेंटेशन घेऊन गेलो. खर्च, नवे सभासद, वर्गणी, सगळं. कागदी टारगेट लांब असलं की खाली खड्ड्यात माणूस बसवावा लागतो, पोलादाला तो लागत नाही, हा माझा हुकमी एक्का. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग क्लबमधल्या सगळ्यात जुन्या सभासदाने (आपण त्यांना काका म्हणू) विचारलं, "गोळी चुकली तर कुठे जाईल?"

"मागच्या बांधात."

"आणि बांधही चुकला तर?"

"तसा नियमच करू ना, की नळी वर करायची नाही."

काका काही बोलले नाहीत. मतदान झालं. नऊ विरुद्ध दोन. दोनातला एक मीच :-)

घरी येताना गाडीत जाम चिडचिड झाली. म्हाताऱ्यांना बदल नको असतो, ह्यांना आपली खुर्ची आणि कॉफी पुरे, वगैरे. दोन तासांवरच्या दुसऱ्या क्लबचा फॉर्मसुद्धा भरून ठेवला. पण एप्रिलमध्ये साफसफाईचा दिवस होता, न जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून गेलो.

दुपारी काका म्हणाले, "चल जरा वर." आम्ही बांधामागची टेकडी चढलो. अर्ध्यावर एक जुनं ओकचं झाड होतं. काकांनी खोडावर हात ठेवला. सालीत चार भोकं होती, कडेने साल वाढून बुजत आलेली. चारही गोळ्या बांधावरून गेलेल्या, आमच्या १०० यार्डांच्या रेंजवरून. पालवी अजून फुटायची होती, त्यामुळे झाडांतून पलीकडच्या गोठ्याचं लाल छप्पर स्पष्ट दिसत होतं. काकांनी लेक्चर दिलं नाही. "ह्या झाडाला लागल्या तेवढ्या मला माहीत आहेत," एवढंच म्हणाले.

रात्री कागद घेऊन बसलो. नळी ठरल्यापेक्षा फक्त १ अंश वर गेली, तर १०० यार्डांवर गोळी सव्वापाच फूट वर लागते. बांध झेलतो. तीच चूक ६०० यार्डांवर ३१ फुटांची होते. असा बांध आम्ही कुठून आणणार? आणि .३०८ ची गोळी मोकळी सुटली तर चार किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. गोठा एक किलोमीटरसुद्धा नव्हता.

सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली सांगू? ऑफिसात मी ज्युनियर पोरांना रोज ऐकवतो की "यूजर असं करणार नाही" हे उत्तर नसतं. आणि इथे भर बैठकीत मी नेमकं तेच उत्तर दिलं होतं.

पुढचे चार महिने मी स्लाइड उघडली नाही. काकांबरोबर मोजपट्टी घेऊन पट्टा पायाखाली घातला. ६०० वर काट मारली. पट्टा ३०० यार्डांवर टेकडीच्या उभ्या चढाला भिडतो, थाळ्या तिथेच. नेमबाजाने ठरलेल्या टेबलावर बसूनच मारायचं. पुढे डोक्यावरून खडी भरलेले आडवे लाकडी अडसर असे बसवायचे, की टेबलावर बसल्यावर आभाळाचा तुकडासुद्धा दिसता कामा नये. आभाळ दिसलं, म्हणजे गोळीला वाट आहे. थाळ्या एआर५०० पोलादाच्या, साडेनऊ मिलिमीटर जाड, पुढे झुकवलेल्या, म्हणजे फुटलेल्या गोळीचे तुकडे जमिनीकडे जातात. खड्डा पडलेली थाळी त्याच दिवशी उतरवायची. काडतुसांना आधी लोहचुंबक लावून बघायचं, कारण पोलादी गाभ्याच्या गोळ्या थाळी खराब करतात आणि ठिणगीने वाळलं गवत पेटू शकतं.

मग गोठेवाल्याकडे गेलो. इतक्या वर्षांत क्लबतर्फे त्याला काही विचारायला कोणी गेलंच नव्हतं! त्याचं मागणं साधं होतं. रविवारी नको आणि धारेच्या वेळी आवाज नको. ठरलं, फक्त शनिवारी, दहा ते तीन.

दुसऱ्या बैठकीत सात विरुद्ध चार मतांनी मंजूर झालं. काकांनी विरोधात मत दिलं. मला धक्काच बसला. बाहेर गाठून विचारलं, तर म्हणाले, "तुझे नियम चांगले आहेत. पण माणसं माझ्या ओळखीची आहेत."

आणि पुढच्या आठवड्यात अडसरात खडी भरायला फावडं घेऊन सगळ्यांत आधी हेच हजर!

आता ३०० यार्डांवर टण्ण सव्वा सेकंदात ऐकू येतं. अडीच सेकंदांची गंमत नाही, खरं आहे. पण दर शनिवारी दहाच्या आधी काका येतात, प्रत्येक टेबलावर रायफल न घेता नुसते बसतात आणि वाकून, मान तिरकी करून आभाळ शोधतात. दिसलं नाही की मला हात करतात. मग मी लाल झेंडा वर चढवतो.

असो. ह्या शनिवारी गवत कापायची पाळी माझी आहे.