पहिले हिम

दसरा हा मराठी मनाला वाटा मोकळ्या होण्याचा दिवस वाटतो. पाऊस उघडतो, ओढे निवळतात. ‘सीमोल्लंघन’ या एका शब्दात हा सारा ऋतुबोध साठवलेला आहे. त्याच सुमारास दिल्लीच्या काश्मिरी गेट बसस्थानकावर पाठपिशव्या सावरीत मराठी मुले पहाडाकडच्या गाड्यांत चढताना दिसतात. सह्याद्रीने त्यांना कातळ शिकवलेला असतो, शेवाळावरची निसरड शिकवलेली असते. परंतु पायाखालची भूमीच काल-परवा पडलेली असू शकते, हे त्या डोंगरांनी कधी सांगितलेले नसते.

२०२२ साली खंडेनवमी ४ ऑक्टोबरला आली. महाराष्ट्रात घरोघरी अवजारांची पूजा चालली असताना, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी दोर आणि हिमकुऱ्हाडी घेऊन ‘द्रौपदी का डांडा’च्या दुसऱ्या शिखराच्या उतारावर होते. हिमाचा थर सुटला आणि त्यांना भेगेत घेऊन गेला. २९ जणांचा अंत झाला. त्यांत प्रशिक्षिका सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सर केली होती. महाप्रस्थानाच्या वाटेवर पहिल्याने द्रौपदी कोसळते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते शिखरनाम चटका लावून जाते. परंतु अशा मृत्यूंना नियतीचे नाव दिले की त्यांच्यापासून शिकण्याजोगे काही उरत नाही.

शिकण्याजोगे पुष्कळ आहे. हिम थोडे म्हणजे धोका थोडा, हा मैदानातला हिशेब हिमालयात चुकतो. हिवाळ्याच्या आरंभी थर पातळ असतो. त्याच्या तळाशी जमिनीची ऊब आणि वर निरभ्र रात्रीचा कडाका. या दोहोंमधील अंतर थोडे, म्हणून तापमानाचा उतार तीव्र. तळची वाफ वर सरकते आणि तिच्या येण्याजाण्यात हिमकणांचे परस्परांतील बंध तुटून साखरेसारखे सुटे, टोकदार रवे तयार होतात. मग पुढचे वादळ येते, वारा नवे हिम दाबून त्याची लादी करतो, आणि ती लादी या रव्यांवर अलगद बसून राहते. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर तिला मोडायला एका माणसाचे वजनही पुरेसे होते. बहुतेक वेळा माणसावर कोसळणारा हिमलोट त्याने स्वतः किंवा त्याच्या सोबत्याने सोडवलेला असतो.

मराठीत गोळेवाल्याच्या लादीलाही बर्फ म्हणतात आणि शिखरावरच्या भुसभुशीत हिमालाही. ज्या भाषेच्या डोंगरात दरड कोसळते, तिला कोसळणाऱ्या हिमासाठी शब्द घडवावा लागला, यात नवल नाही. शब्दकोशाची ही उणीव दोषास्पद नव्हे. मात्र ती घेऊन उतारावर जाणाऱ्याने तिची जाणीव ठेवली पाहिजे. जाणते गिर्यारोहक नव्या उतारावर पाऊल टाकण्यापूर्वी फावड्याने खड्डा खणतात, त्याच्या भिंतीवर बोट फिरवतात आणि कुठला थर सहज ढासळतो ते पाहतात. कधी त्या पाहण्यातून परत फिरण्याचा निर्णय निघतो. सीमोल्लंघनाच्या दिवसांत तो घेणे कठीण असते, आणि म्हणूनच तो घराबाहेर पडण्यापूर्वी शिकवला गेला पाहिजे.