कवेलूवरची अंडी

माझ्या लॅबमधल्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर वीस वर्षं मी लघवीचे थेंब टाकत आले. यंत्र डोळ्याला लावायचं, खिडकीकडे तोंड करायचं आणि निळ्या-पांढऱ्याची सीमा कुठल्या आकड्यावर आली ते वाचायचं. 1.010, 1.020, पाणी कमी पिणारा पेशंट असेल तर 1.030. 2019 च्या दिवाळीनंतर एका रात्री त्याच काचेवर मी समुद्राचा थेंब टाकला. तो समुद्र मीच तयार केला होता, घराच्या मागच्या खोलीत, निळ्या ड्रममध्ये.

त्याच्या आदल्या वर्षी आम्ही मालवणला गेलो होतो. किल्ल्याच्या मागच्या बाजूला पाण्यात तोंड बुडवलं आणि खाली पोवळ्यांची वस्ती दिसली. चाळिशीनंतर पहिल्यांदाच समुद्रात उतरले होते, तेही वीसच मिनिटं. पण परतीच्या प्रवासात डोळे मिटले की ते हलणारं, श्वास घेतल्यासारखं मिटणारं-उघडणारं रान समोर यायचं. आमच्या गावी, पवनीत परत आल्यावर ठरवलं, एक छोटा तुकडा तरी घरी वाढवायचा.

पवनीत आमचं सगळं नदीशी. वैनगंगेचे घाट, देवळं, किल्ल्याचा तट, जगन्नाथ टेकडीवरचा बौद्ध स्तूप. तो 1969-70 च्या उत्खननात सापडला, आणि त्याच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. समुद्र आमच्या बोलण्यात कधी नव्हता. खरं तर आमचीच नदी तिकडे जाते. वर्धेला मिळून ती प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि बंगालच्या उपसागरात पोचते. घाटावरून वाहून जाणाऱ्या पाण्यात खडकांतून विरघळलेले क्षार असतात. असंच युगानुयुगं साचत समुद्र खारट झाला. मी ड्रममध्ये मीठ ढवळत होते तेव्हा हे सारखं मनात येत होतं.

टाकी घेतली 3 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काच 10 मिलिमीटरची. पाणी, वाळू, दगड मिळून वजन अडीचशे किलोच्या वर जाणार, म्हणून मिस्त्रींकडून सागवानी स्टँड करून घेतला. लोखंडी अँगल खाऱ्या हवेत टिकत नाही. पाणसळ लावून चारही कोपरे पुन्हा पुन्हा तपासले. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "समुद्र का घरात ठेवाची वस्तू आहे का वो?"

बोअरचं पाणी मोजलं तर टीडीएस 600 च्या पुढे. ते चालत नाही. त्यातले फॉस्फेट-सिलिकेट शेवाळाला खाऊ घालतात, आणि तांब्याचा अंश असला तर पोवळी मरतात. घरच्या आरओच्या पुढे आयन काढणारी रेझिनची नळी जोडली आणि मीटरवर शून्य येईपर्यंत पाणी सोडून दिलं. एक बादली शुद्ध पाण्यामागे तीन बादल्या वाया जायच्या. ते पाणी भांड्यांना आणि अंगणातल्या झाडांना. उन्हाळ्यात नळाची वाट बघणाऱ्या गावात पाणी असं ओतून देणं मला जमलंच नसतं.

मग ती रात्र. लिटरमागे मोजून मीठ घातलं होतं, चोवीस तास पंप लावून ढवळलं होतं. समुद्राच्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व साधारण 1.025 असतं, म्हणजे हजार भागांत 35 भाग क्षार. माझ्या यंत्रात आकडा आला जेमतेम 1.018. मीठ कमी पडलं असं वाटून मी डबा उघडला, आणि हात थांबला. वजनाचा काटा माझा चुकत नाही. मग यंत्र का वेगळं बोलतंय? कारण सोपं होतं, पण उमगायला अर्धा तास लागला. ते यंत्र लघवीसाठी आखलेलं. लघवीत युरिया असतो, आणि युरिया प्रकाश वाकवतो तो मिठापेक्षा वेगळ्या प्रमाणात. त्या यंत्रावर 1.025 गाठायला गेले असते तर टाकीत जीव जगला नसता. पुढे समुद्राच्या मापाचं वेगळं यंत्र मागवलं आणि ते जुळवायला लॅबमधलंच शुद्ध सोडियम क्लोराइड वापरलं. 36.5 ग्रॅम मीठ, 963.5 ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर. या द्रावणातून प्रकाश समुद्राच्या पाण्याइतकाच वाकतो. रेषा बरोबर 35 वर आणून ठेवली तेव्हा फार समाधान वाटलं.

दगडांचा प्रश्न निघाला तेव्हा एका विक्रेत्याने फोनवर सांगितलं, "मॅडम, समुद्रातला ओरिजिनल दगड देतो, पोवळ्याचाच आहे." किंमतही बरी होती. मी नाही म्हटलं. प्रवाळखडक उभारणारी, कडक सांगाड्याची सगळी पोवळी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याच अनुसूचीत वाघ आहे. आमच्या गावाला लागून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. 2016 मध्ये तिथला 'जय' नावाचा वाघ दिसेनासा झाला तेव्हा चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. वाघाचं नख घरात ठेवणं गुन्हा आहे हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. पोवळ्याचा तुकडा शोकेसमध्ये ठेवतानाही तेवढंच दचकायला हवं, असं मला मनापासून वाटतं. मी माणसाने बनवलेले, भट्टीत भाजलेले सच्छिद्र दगड घेतले. पांढरेफटक होते, सुरुवातीला अगदी ओकेबोके दिसायचे.

खरी चूक पुढे झाली. जिवाणूंची एक बाटली मिळाली होती. ती ओतल्यावर आठवड्याने मासा टाकता येतो, असं मला सांगण्यात आलं. दहाव्या दिवशी मी एक निळा डॅमसेल आणला. त्या दिवशी आमच्याकडे मासे घेऊन येणारे काकाजी घरी होते. जातीचे ढिवर, हयात नदीवर गेलेली. टाकीपाशी वाकून त्यांनी वास घेतला, काचेवर बोट फिरवून बघितलं. म्हणाले, "ताई, पानी अजून कच्चं हाये. नव्या बोडीत आमी पयल्या दिवशी मासा टाकत नसतो." मी हसून चहा ठेवला. तेराव्या दिवशी सकाळी मासा वाळूवर आडवा पडला होता, कल्ले लालभडक. तेव्हा कुठे अमोनिया तपासला. नळीतला पिवळा रंग गर्द हिरवा झाला. रोज शंभर रिपोर्टवर सही करणारी मी, आणि जिवंत प्राणी आणण्याआधी एक साधी टेस्ट केली नव्हती. तो मासा कुठल्या तरी खडकातून पकडून आणलेला होता. त्याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर टाकीत मासा नाही, फक्त पाणी. पाणी पिकवायचं होतं. बाजारातून आणलेला वैनगंगेचा एक कच्चा झिंगा जाळीत बांधून टाकला. तो कुजला, त्यातून अमोनिया निघाला. अमोनियावर जगणारे जिवाणू दगडाच्या छिद्रांत वस्ती करतात आणि त्याचं नायट्राइट करतात. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषं, तिसरं त्यामानाने सोसवतं. चौथ्या आठवड्यात नायट्राइटच्या नळीत गुलाबी रंग आला आणि मी ओळखलं, हा तर माझा रोजचा गुलाबी! लघवीच्या पट्टीवर नायट्राइटचा जो चौकोन असतो, त्यात हीच रासायनिक क्रिया होते. तिथे तो रंग दिसला की मी जंतुसंसर्गाची शंका लिहिते. इथे तोच रंग बघून आनंदाने घरच्यांना हाका मारल्या. संक्रांतीच्या आसपास दोन्ही नळ्या कोऱ्या आल्या. दगडांवर तपकिरी, मग जांभळट साय धरली.

मासे आणायचे ते टाकीत जन्मलेलेच, हे आता पक्कं होतं. विदूषक माशाचं, म्हणजे क्लाउनफिशचं, प्रजनन आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने साधलं आहे. त्यामुळे तशी पिल्लं मिळतात. थर्माकोलच्या डब्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून दोन पिल्लं नागपूरला आली. तिथून उमरेड, भिवापूर करत एसटीने मांडीवर डबा घेऊन मी घरी आले. पिशवीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी हळूहळू एक करायचं असतं. त्याला मी सलाईनचा सेट वापरला. टाकीच्या कडेला नळी, खाली बादलीत पिल्लं, आणि चाकी फिरवून सेकंदाला दोन थेंब. दीड तास त्या थेंबांकडे बघत बसले होते.

फेब्रुवारीत मऊ पोवळ्यांचे दोन तुकडे आले, मशरूम आणि झोआ. यांना चुन्याचा सांगाडा नसतो, ही बंदीच्या यादीतही नाहीत. झोआच्या अंगात जहाल विष असू शकतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावत नाही. पहिल्यांदा झोआ उमलले त्या संध्याकाळी सासूबाई गळ्यातली पोवळ्याची माळ हातात धरून टाकीसमोर उभ्या होत्या. एकदा मण्यांकडे, एकदा काचेकडे. "म्हणजे हेही जित्तंच होतं?" मी म्हटलं, हो आई, असलेच इवले जीव, त्यांनी बांधलेलं घर आहे ते. त्यांनी माळ कपाळाला लावली आणि पदराआड केली.

मे महिन्याची मला धास्ती होती. बाहेर 45-46, आणि टाकी 27 च्या वर जायला नको. पण विदर्भाचा कोरडा उन्हाळा या कामी मित्र निघाला. पाण्यावर कॉम्प्युटरचा छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी माठासारखं गार होतं. फक्त रोज पाच लिटर पाणी उडून जायचं, आणि तेवढं गोडं पाणी भरावं लागायचं. मीठ उडत नाही, ते आतच राहतं. त्या खोलीतला कूलर मात्र बंद ठेवावा लागला. कूलरची ओल हवेत आली की पंख्याचा जोर ओसरतो. खरं संकट आलं पावसाळ्यात. दमट हवेत पाणी उडेना, पारा 29 वर जाऊन बसला आणि मशरूम आक्रसून गेले.

त्यातच 2020 च्या ऑगस्टअखेरचा पूर आला. वर मध्य प्रदेशात संजय सरोवरातून पाणी सोडलं, गोसीखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडले. पवनी तालुक्यातल्या नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमचं घर उंचावर, पण वीज गेली. इन्व्हर्टर पहाटेपर्यंत पुरला. नंतर मी, हे आणि मुलगी, आळीपाळीने तांब्याने टाकीतलं पाणी उचलून हातभर उंचीवरून परत ओतत राहिलो. पाणी हललं नाही तर दगडातले जिवाणू गुदमरतात, आणि मग सगळंच जातं. बाहेर पावसाचा आवाज, आत धारेचा. दोन माशांसाठी हे करताना नदीकडच्या घरांचं काय झालं असेल, हा विचार हातातल्या तांब्यासारखा जड होता. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज आली. चप्पल घालून तशीच काकाजींकडे गेले. कमरेइतकं पाणी येऊन गेलेलं, जाळी चिखलात, धान्य भिजलेलं. मी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "मासे जित्ते हायेत ना ताई?"

त्यांना ताप नव्हता, पण हातापायांवर खाजेचे चट्टे होते. धरणाच्या वरच्या पाण्यात उतरलं की असं होतं, असं ते पूर्वीपासून सांगत. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेच्या जलाशयात येतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. पूर ओसरल्यावर महिनाभराने काकाजींनी तिथलं पाणी बाटलीत आणून दिलं. गोड्या पाण्याचा तक्ता घेऊन मी त्यात तेच अमोनियाच्या टेस्टचे थेंब टाकले. हिरवा रंग आला. माझ्या घरात असा रंग आला असता तर मी त्या रात्री झोपले नसते.

मासे मोठे झाले. विदूषक मासे जन्मतात ते नर. जोडीतला थोरला पुढे मादी होतो. आमच्याही दोघांतला एक दुप्पट झाला. 2022 च्या होळीच्या सुमारास ती दोघं काचेचा एक कोपरा तोंडाने घासायला लागली. माझ्या माहेरच्या जुन्या घराचं एक फुटकं कवेलू पडून होतं. आठवडाभर शुद्ध पाण्यात भिजवून ते त्या कोपऱ्यात तिरपं टेकवलं. चार दिवसांनी दुपारी लॅब बंद करून घरी आले, तर कवेलूच्या पाठीवर केशरी दाण्यांचा पट्टा. नर कल्ल्याजवळच्या परांनी वारा घालत होता, एखादा दाणा पांढरा पडला की तोंडाने उचलून काढत होता.

आठव्या रात्री दिवा मालवल्यावर ती अंडी फुटली. टॉर्चच्या उजेडात धाग्याएवढी पिल्लं गोळा झाली, आणि सकाळपर्यंत एकही उरलं नाही. काही पंपाने ओढली. उरलेल्यांना खायला काही नव्हतं. पुढच्या दोन खेपांनाही तसंच झालं.

त्यांना पहिल्या दिवसापासून रोटिफर लागतात. ते जेमतेम पाव मिलिमीटरचे, आणि त्यांना खायला हिरवं सूक्ष्म शेवाळ. किनाऱ्यावरच्या एका संवर्धकाकडून दोन्हींच्या बाटल्या मागवल्या. आता लॅबच्या खिडकीत औषधांच्या मोकळ्या बरण्यांतून हिरवं पाणी वाढतं आहे. पेशंट गेले की न्यूबॉर चेंबरवर एक थेंब ठेवते. ज्या चौकोनांत पांढऱ्या पेशी मोजते, त्याच चौकोनांत हिरव्या पेशी मोजते. रोटिफर एका मिलिलिटरमध्ये दहा तरी हवेत. काल सात होते, आज संध्याकाळी अकरा मोजले.

कवेलूवर चौथी खेप आहे. पाचवी रात्र. अंड्यांत चंदेरी डोळे आले आहेत, टॉर्च नेला की सगळे एकदम चमकतात.